अकरा मिनिटं

पहाटे पाचला अब्बासांताच्या बारमध्ये
ग्रात्सिएत्तानं आमच्या कार्डांवर पहिला शिक्का हाणला.
"दोनशे किलोमीटर फिरून परत इथंच यायचं,
मग निघायचंच कशाला?"
बाकिसिओनं कॉफी एका घोटात संपवली.
त्रेसष्ट वर्षांत त्यानं कुणाला उत्तर दिलेलं नाही.
मी मिन्तोनिया. चीजच्या कारखान्यातून एक दिवस रजा काढलेली,
गुडघ्यांना न विचारता.

अंधारात आधी घंटा, मग मेंढरं,
मग मेंढरांमागचा कुत्रा,
आणि कुत्र्यामुळे पहिले दोन किलोमीटर
ठरवल्यापेक्षा बरेच वेगात.

सांतु लुस्सुर्जूच्या चढावर उजाडलं.
चढ कसला, भांडकुदळ म्हातारा:
संपला म्हणावं तर वळणाआडून
नवा मुद्दा काढून उभा.
सगळ्यात लहान गिअर. त्याहून लहान नाही.
नाकाच्या शेंड्यावरून घाम नळीवर टपकतो,
मी थेंब मोजते, शंभरानंतर पुन्हा एकपासून.

पुढं बुचाच्या झाडांची राई.
सोललेली खोडं लालभडक, उघडी,
एकेकावर पांढऱ्या रंगात आकडा:
कुठल्या साली साल काढली ते.
पुन्हा हात लावायचा तो दहा वर्षांनी,
तोवर झाडानं आपलं आपण झाकून घ्यायचं.
मला सात लागली.
पण ती गोष्ट रस्त्यावर नको.

समुद्रापर्यंत उतार, ब्रेकवर बोटं बधिर.
बोसाला दुसरा शिक्का.
खिशातल्या कडक भाकरीचा चुरा झालेला,
तो तळहातावरून फक्की मारावी तसा तोंडात टाकला
आणि वळलो आत, तर समोरून सिरोक्को.
पाण्यापलीकडच्या वाळवंटाचा ऊन श्वास,
दातांत रेती. सायकल जागच्या जागी.
गावाच्या पाटीला छऱ्यांची भोकं,
त्यांतून वारा शिट्टी घालत होता.

माळावर नुरागे. चुन्यावाचून रचलेला काळा बुरूज,
त्याच्या सावलीत कुणाचा तरी ट्रॅक्टर.
तीन हजार वर्षांमागं इथं कोण राहिलं,
कशाला भ्यालं, कुणाची वाट पाहिली,
शाळेत सगळं शिकवलं होतं.
आत्ता फक्त दिसलं: सावली. पंधरा पावलांची.
आणि घड्याळ म्हणालं, नको.

दीडशेव्या किलोमीटरला बाकिसिओ दिसेना.
पुढंही नाही, मागंही नाही.
मग रस्त्याकडेला महाकायांचं थडगं:
अर्धगोलात उभ्या शिळा, मधे लांबच लांब आडवी पोकळी.
शिळेला टेकलेली त्याची सायकल,
आणि पोकळीत तो, हात छातीवर, हेल्मेटसकट.
माझ्या पोटात गोळा.
"ए! मेलास की काय?"
एक डोळा उघडला.
"माप बघत होतो," म्हणाला. "बरीच जागा उरते."
दिवसभरातलं त्याचं पहिलं वाक्य.

म्हणतात, इथं पडून राहिलं की
हाडांतली दुखणी दगडात उतरतात.
मीही पडले. पाच मिनिटं. कदाचित वीस.
पाठीखाली दगड ऊबदार होता,
नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा.
किती उतरलं ठाऊक नाही.
उठताना गुडघा मात्र बोलला नाही.

शेवटचे चाळीस किलोमीटर
एकमेकांच्या मागच्या चाकाकडे बघत.
अब्बासांता. बार बंद.
दारावर चिठ्ठी: "भाचीचं बारसं आहे चर्चमध्ये.
शिक्का कुंडीखाली. वेळ तुमची तुम्ही लिहा."

साडेसहा ही शेवटची मुदत.
घड्याळात सहा एक्केचाळीस.
गल्लीत एक मांजर, तेही पाठमोरं.
बाकिसिओनं कुंडी उचलली, शाई फुंकली,
माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे.
मग त्यानं सावकाश, सुबक अक्षरात लिहिलं:
अठरा एक्केचाळीस.
माझ्याही कार्डावर तेच.

कुंडी होती तिथं ठेवली.
पायरीवर बसलो.
"पुढच्या वर्षी," तो म्हणाला,
आणि पुढं काहीच नाही.